दम्याचा अटॅक आणि रक्ताची साक्ष

धमनीतून घेतलेल्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० मिलिमीटर आला, तर प्रयोगशाळेच्या कागदावर त्यापुढे कसलीही खूण पडत नाही. ३५ ते ४५ ही निरोगी माणसाची पातळी आणि ४० हा तिचा नेमका मध्य. पण मिनिटाला तीस वेळा श्वास घेणाऱ्या, एक वाक्यही सलग बोलू न शकणाऱ्या दम्याच्या रुग्णाच्या कागदावर हाच आकडा असेल, तर ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीची मार्गदर्शक तत्त्वे त्याची गणना जीवघेण्या अटॅकच्या लक्षणांत करतात. याचे कारण समजायला अवघड नाही. इतक्या वेगाने श्वास घेणाऱ्याच्या रक्तातून हा वायू भराभर बाहेर पडतो, म्हणून अटॅकच्या सुरुवातीला त्याचा दाब ३५च्या खालीच असतो. तो परत ४०वर आला तर रुग्ण सावरला असा त्याचा अर्थ होत नाही. छातीचे स्नायू थकत चालले आहेत आणि तेवढ्याच मेहनतीत आता पूर्वीइतकी हवा आतबाहेर होत नाही, असा त्याचा अर्थ होतो. आकडा ४५च्या वर गेला तर रुग्ण कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्राच्या उंबरठ्यावर आलेला असतो. म्हणजे अटॅकचा जोर खरोखर दाखवणारी जी एक रक्ततपासणी आहे, ती नुसती वाचली तर फसवते. समोरचा माणूस श्वासासाठी किती धडपडतो आहे हे पाहिल्यावरच तिच्यातले ४० हे चांगले की वाईट ते ठरते.

हा मुद्दा एका तपासणीपुरता नाही. दम्याच्या अटॅकची तीव्रता म्हणजे नेमके काय, याचेच उत्तर त्यात आहे. किती कष्ट करून किती हवा मिळते, या दोन गोष्टींच्या नात्यात ती तीव्रता असते. रक्ताला यातली फार तर दुसरी बाजू कळते. पहिली कळतच नाही. म्हणून रक्तातला एखादा घटक मोजून अटॅक सौम्य, मध्यम की गंभीर हे ठरवण्याची जी धडपड गेली कित्येक वर्षे जगभर चालू आहे, तिचा रोखच चुकला आहे असे माझे म्हणणे आहे. रक्त निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. त्याला विचारण्याजोगे प्रश्न वेगळे आहेत आणि ते विचारण्याची वेळही वेगळी आहे.

ही धडपड सुरू कशी झाली हे समजून घेतले पाहिजे, कारण तिच्यामागची इच्छा अगदी रास्त आहे. हृदयविकाराच्या झटक्यात ट्रोपोनिनने वैद्यकाचे काम फार सोपे केले. हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटला की त्याच्या पेशी मरतात, मरताना आपल्यातले ट्रोपोनिन रक्तात सोडतात आणि छातीत दुखते म्हणून आलेल्या माणसाचा निर्णय काही तासांत घेता येतो. दम्यालाही असा एक आकडा मिळाला तर रात्रपाळीच्या नवख्या डॉक्टरलाही चूक न करता भरती की घरी हे ठरवता येईल, असे कोणालाही वाटेल. त्यातूनच इओसिनोफिल पेशी, त्यांच्यातून बाहेर पडणारी प्रथिने, आयजीई, सीआरपी, प्रोकॅल्सिटोनिन, लॅक्टेट, पांढऱ्या पेशींच्या प्रकारांचे परस्परप्रमाण अशी उमेदवारांची रांग लागली. पण ट्रोपोनिनचे यश ज्या गोष्टीवर उभे आहे ती दम्यात नाही. हृदयाच्या झटक्यात पेशींचा मृत्यू हीच मूळ घटना आहे आणि रक्तात उतरणारे प्रथिन हा तिचाच अंश आहे. दम्याच्या अटॅकमधली मूळ घटना म्हणजे नळी अरुंद होणे. श्वासनलिकांभोवतीचा स्नायू आवळतो, आतले अस्तर सुजते, चिकट कफाची बुचे अडकतात. नळीची त्रिज्या निम्मी झाली की तिच्यातून हवा वाहायला होणारा विरोध सोळा पट वाढतो, हे भौतिकशास्त्रातले साधे गणित आहे. नळी आवळण्याचा रक्तात सांडणारा असा कोणताही अंश नसतो.

वेळेचाही मेळ बसत नाही. स्नायू काही मिनिटांत आवळतो आणि पंपातल्या सालब्युटामॉलने काही मिनिटांत सैलही पडतो. रक्तातल्या दाहाच्या खुणा मात्र तासांनी आणि दिवसांनी चढतात-उतरतात. अंगात आठवडाभर मुरलेला सर्दीचा विषाणू आणि आत्ता या क्षणी बंद होत चाललेली नळी यांचा संबंध असला, तरी पहिल्याचे मोजमाप दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

या सगळ्या रांगेत सर्वांत मोठा मान इओसिनोफिलचा आहे आणि तो काही उगाच मिळालेला नाही. पॉल एर्लिख यांनी १८७९ मध्ये रंगद्रव्ये वापरून ही पेशी ओळखली, तेव्हापासून दम्याशी तिचे नाव जोडलेले आहे. आज गंभीर दम्याच्या उपचारात मेपोलिझुमॅब, बेनरालिझुमॅब यांसारखी महागडी औषधे कोणाला द्यायची हे ठरवताना रक्तातल्या एका घन मिलिमीटरमध्ये या पेशी १५० आहेत की ३००, याला महत्त्व असते. ज्याच्या रक्तात त्या सतत जास्त असतात, त्याला पुढे अटॅक येण्याची शक्यता अधिक असते. मात्र हे सगळे भविष्याबद्दल आणि औषधाच्या निवडीबद्दल झाले. चालू अटॅक किती जोराचा आहे हे या पेशीला विचारले की उत्तर गोंधळाचे येते, आणि कधी कधी तर नेमके उलटे. शरीर संकटात सापडले की अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल सोडते आणि कॉर्टिसॉलमुळे रक्तातल्या इओसिनोफिल झपाट्याने कमी होतात. ही घट इतकी खात्रीची की १९४८ मध्ये जॉर्ज थॉर्न यांनी तिच्यावरच अधिवृक्क ग्रंथीची चाचणी बेतली होती. इंजेक्शनने ग्रंथीला चेतवायचे आणि चार तासांत या पेशी किती घटतात ते मोजायचे. म्हणजे अटॅकने ज्याची सर्वांत जास्त दमछाक झाली आहे, किंवा ज्याने गावच्या डॉक्टरांकडून स्टेरॉइडचे इंजेक्शन घेऊनच शहर गाठले आहे, त्याच्या कागदावर इओसिनोफिल शून्याजवळ दिसू शकतात. धूम्रपान आणि चुलीच्या धुराने होणाऱ्या सीओपीडी या दम्याच्या शेजारच्या आजारात तर इस्पितळात येतेवेळी ही पेशी फार कमी असणे हेच धोक्याचे लक्षण मानले जाते. तिथे मृत्यूचा अंदाज बांधणाऱ्या गुणांकनात तिला जागा मिळाली आहे. एकच पेशी एका प्रश्नाला वाढून उत्तर देते आणि दुसऱ्याला घटून. तिचा आकडा एकटा घेऊन काही ठरवणे किती धोक्याचे आहे ते यावरून दिसावे.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. घरोघरी ‘इस्नोफिलिया’ या नावाने परिचित असलेली या पेशींची वाढ आपल्या हवामानात दम्याखेरीज जंतांमुळेही होते. १९४३ मध्ये वाइनगार्टन यांनी भारतातल्या रुग्णांवरून ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ हा आजार मांडला. त्यात रात्री खोकला येतो, छातीत घरघर होते, धाप लागते आणि रक्तात या पेशी तीन हजारांच्याही पुढे जातात. मागाहून त्याचे मूळ फायलेरियाच्या जंतांना शरीराने दिलेल्या अतिरेकी प्रतिसादात सापडले. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत हत्तीरोगाची परंपरा जुनी आहे. तिथल्या माणसाचा इओसिनोफिलचा मोठा आकडा दम्याच्या तीव्रतेबद्दल बोलतो आहे, पोटातल्या जंतांबद्दल की फायलेरियाबद्दल, हे कागदावरून कळणार कसे? युरोप-अमेरिकेत ठरलेल्या मर्यादा जशाच्या तशा इथे लावताना हा प्रश्न पुरेशा गांभीर्याने विचारला जात नाही, असे मला वाटते. आयजीईचेही तेच. जंतांनी तेही वाढते.

बाकीच्या उमेदवारांवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. पण त्यांतल्या दोघांमुळे होणारे नुकसान सांगितलेच पाहिजे. पहिला म्हणजे पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा. स्टेरॉइड दिले की तो वाढतो, सालब्युटामॉलने आणि नुसत्या शारीरिक ताणानेही वाढतो. कागदावर तो मोठा दिसला की ‘इन्फेक्शन’ म्हणून अँटिबायोटिक सुरू होते. साउदॅम्प्टनच्या शाळकरी मुलांवरचा जो अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला त्यात दम्याच्या ८० ते ८५ टक्के अटॅकच्या वेळी विषाणू सापडला होता आणि विषाणूवर अँटिबायोटिकचा काही उपाय चालत नाही. ब्रिटनमध्ये अटॅकवर अझिथ्रोमायसिनचा उपयोग होतो का हे तपासणारी चाचणी झाली. तिच्यासाठी साडेचार हजारांहून अधिक रुग्ण पाहावे लागले आणि त्यांतले जेमतेम १९९ चाचणीत घेता आले, कारण दोन हजारांहून अधिक जणांना आधीच कोणते तरी अँटिबायोटिक मिळालेले होते. २०१६ मध्ये निष्कर्ष आला तो फायदा नसल्याचा. इथे प्रोकॅल्सिटोनिनचे काम मात्र मान्य करायला हवे, कारण ते कमी असेल तर अँटिबायोटिक टाळण्याचे धैर्य डॉक्टरला मिळते. पण हेही अटॅकच्या जोराचे मोजमाप नव्हे.

दुसरा उमेदवार लॅक्टेट, आणि त्याचा धोका जास्त आहे. जंतुसंसर्गाच्या गंभीर रुग्णात लॅक्टेट वाढणे म्हणजे अवयवांना प्राणवायू पुरत नाही, असे आयसीयूतल्या प्रत्येकाच्या मनावर ठसलेले असते. दम्याच्या रुग्णाला नेब्युलायझरमधून सालब्युटामॉलचे डोस एकामागून एक दिले की औषधानेच लॅक्टेट वाढते. प्राणवायू पुरेसा असला तरी वाढते. त्याने रक्तातली आम्लता वाढते, आम्लता भरून काढायला श्वास आणखी जोरात चालतो आणि बघणाऱ्याला वाटते की अटॅक बळावला. मग आणखी सालब्युटामॉल दिले जाते. आकडा रोगाचा आहे असे समजून त्या आकड्यावर उपचार होतो आणि मुळात तो असतो उपचाराचाच. याच औषधाने पोटॅशियमही घटते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून जोराच्या अटॅकमध्ये पोटॅशियम तपासणे आवश्यकच आहे. मात्र ती तपासणी रुग्णाच्या सुरक्षिततेची आहे. ती अटॅकची तीव्रता ठरवत नाही.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की, माणसाच्या नजरेवर तरी भिस्त कशी ठेवायची? हा आक्षेप खरा आहे. दम्याचे निदान आणि मोजमाप नुसत्या लक्षणांवर सोडले तर माणसे मरतात, याचे पुरावे आहेत. मॅकफॅडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये दाखवले की अटॅकवर उपचार घेणारे रुग्ण ‘आता बरे वाटते’ असे सांगतात तेव्हा त्यांची फुफ्फुसे अपेक्षित क्षमतेच्या जेमतेम निम्म्यावर चाललेली असतात. १९९४ मध्ये जपानी संशोधकांना आढळले की मरणाच्या दारातून परत आलेल्या दम्याच्या रुग्णांना आपली धापच नीट जाणवत नाही आणि प्राणवायू घटला तरी त्यांचे शरीर हवा तसा प्रतिसाद देत नाही. डॉक्टरही फसतात. छातीतली घरघर थांबली की अननुभवी माणसाला हायसे वाटते, पण सूं सूं आवाज व्हायलाही हवा वाहावी लागते. छाती शांत होणे हे अखेरच्या टप्प्याचे लक्षण असू शकते. तेव्हा वस्तुनिष्ठ मोजमाप हवेच. मात्र वस्तुनिष्ठ म्हटले की सुई टोचलीच पाहिजे, हे गृहीतक मला मान्य नाही. रुग्णाने पूर्ण जोर लावून फुंकर मारली तर हवा किती वेगाने बाहेर येते हे मोजणारा पीक फ्लो मीटर राइट आणि मकेरो यांनी १९५९ मध्येच मांडला. आज तो प्लास्टिकचा आहे, काही शे रुपयांना मिळतो, त्याला वीजही लागत नाही. फुंकरीचा वेग रुग्णाच्या नेहमीच्या सर्वोत्तम आकड्याच्या निम्म्याखाली आला तर अटॅक गंभीर आणि एक तृतीयांशाखाली आला तर जिवावरचा. अरुंद झालेली नळी हीच मूळ घटना आहे आणि हे यंत्र नेमकी तीच मोजते. म्हणजे ज्या वस्तुनिष्ठतेसाठी रक्ताचा आग्रह धरला जातो ती रक्ताबाहेरच, आणि अधिक थेट, मिळते.

लहान मुलांना फुंकर जमत नाही, हे बरोबर. अटॅकने गळून गेलेल्या मोठ्या माणसालाही ती जमतेच असे नाही, आणि न जमणे हीही एक माहिती आहे. मुलांसाठी कॅनडातल्या डॉक्टरांनी बारा गुणांची एक पद्धत तयार केली. गळ्याखालची खळगी आत ओढली जाते का, मानेचे स्नायू ताणले जातात का, हवा कुठवर पोचते, घरघर कशी आहे आणि ऑक्सिमीटर काय दाखवतो, एवढ्यावर ती चालते. या पाचांतल्या दोन गोष्टी थेट मुलाचे कष्ट मोजतात, म्हणजे रक्ताला जी बाजू दिसत नाही तीच. राहिला ऑक्सिमीटर. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर तो प्राणवायू प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकतो. अमेरिकेतल्या ज्या पाहणीचे निष्कर्ष २०२०मध्ये प्रसिद्ध झाले, तिच्यात ही चूक काळ्या रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळली. आपल्या देशात याकडे दुर्लक्ष परवडणारे नाही. ९२ किंवा ९३ वर निश्चिंत न होता, शंका आली की धमनीतले रक्त तपासलेच पाहिजे. रक्ताची खरी गरज भासते ती इथे. शिवाय दर वेळी धमनीच टोचली पाहिजे असेही नाही. शिरेतल्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचा दाब ४५च्या आत असेल, तर धमनीत तो वाढलेला नाही असे बहुतेक वेळा धरता येते.

दुसरा आक्षेप अलीकडचा आहे आणि त्याला मी मनापासून महत्त्व देतो. २०२४च्या अखेरीस ब्रिटनमधल्या ‘अब्रा’ या चाचणीचे निष्कर्ष आले. दम्याचा किंवा सीओपीडीचा अटॅक आलेल्या आणि त्या वेळी रक्तात ३०० किंवा अधिक इओसिनोफिल असलेल्या १५८ रुग्णांवर ती झाली. नेहमीच्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या घेणाऱ्यांत ९० दिवसांत ७४ टक्क्यांचा उपचार फसला; बेनरालिझुमॅबचे इंजेक्शन मिळालेल्यांत ४५ टक्क्यांचा. पन्नास वर्षे अटॅकमधल्या दाहावर स्टेरॉइडखेरीज दुसरे औषध नव्हते, त्या मानाने ही मोठी बातमी आहे. आणि ती रक्ततपासणीवाचून शक्य नव्हती. मग माझा दावा कोसळतो का? मला तसे वाटत नाही. या चाचणीने रक्ताला ‘अटॅक किती मोठा’ असे विचारलेच नाही. ‘अटॅक कोणत्या जातीचा’ असे विचारले आणि त्या प्रश्नाला रक्ताने चोख उत्तर दिले. सौम्य अटॅक इओसिनोफिलचा असू शकतो आणि प्राणघातक अटॅक तिच्याविना येऊ शकतो. जात आणि जोर या दोन वेगळ्या बाबी आहेत. त्या एकाच आकड्यात कोंबण्याचा हट्ट सोडला, तर रक्ताच्या खुणांवरचे संशोधन उलट अधिक फळेल.

या वादाला आपल्या देशात केवळ शास्त्रीय चर्चेचे स्वरूप नाही. २०१९च्या जागतिक अंदाजानुसार भारतात सुमारे ३ कोटी ४३ लाख लोकांना दमा आहे. जगातल्या दमेकऱ्यांत आपला वाटा १३ टक्के, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत तो ४२ टक्के. ही तफावत खुणा शोधण्यात आपण मागे पडलो म्हणून झालेली नाही. स्टेरॉइडचा पंप रोज घेणारे फार थोडे, पंपाची सवय लागते ही भीती घराघरांत, आणि अटॅक आलाच तर तो मोजायचे साधे साधन जवळच्या दवाखान्यात नाही, ही त्याची कारणे आहेत. छोट्या गावातही आज सीबीसी आणि सीआरपी काही तासांत करून मिळते. पीक फ्लो मीटर मात्र शोधावा लागतो. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत महाराष्ट्रातल्या आरोग्य पथकांनी घरोघर जाऊन ऑक्सिमीटरने प्राणवायू मोजला. ठरवले तर साधन शेवटच्या घरापर्यंत जाते, हे तेव्हा सिद्ध झाले आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मर्यादित पैशातून दम्यासाठी काय घ्यायचे असा प्रश्न आला, तर पीक फ्लो मीटर, ऑक्सिमीटर, स्पेसर आणि स्टेरॉइडचा पंप यांच्यानंतरच एखाद्या नव्या खुणेच्या किटचा विचार व्हावा.

संशोधकांसाठी माझी अट अशी आहे. नवी खूण गंभीर रुग्णांत वाढलेली आढळली, एवढ्याने काम भागत नाही. गंभीर रुग्णांत पुष्कळ गोष्टी वाढतात. अटॅकचा खरा अंदाज रुग्ण येतेवेळच्या अवस्थेपेक्षा तासाभराच्या उपचारानंतर तो किती सुधारला यावरून बांधता येतो, हे आता मान्य आहे. म्हणून दारातच घेतलेल्या रक्ताने त्या तासानंतरच्या फुंकरीपेक्षा, नाडीपेक्षा आणि बोलण्यापेक्षा अधिक काही सांगितले, आणि त्या अधिकामुळे रुग्णाचे भले झाले, हे दाखवावे लागेल. माझ्या समजुतीप्रमाणे ती कसोटी अजून कोणत्याही खुणेने पार केलेली नाही.

आणि रक्त घ्यायचेच तर ते केव्हा? ब्रिटनमध्ये दम्याच्या मृत्यूंची राष्ट्रीय पाहणी झाली, तिचा अहवाल २०१४ मध्ये आला. तपासलेल्या १९५ मृत्यूंपैकी ८७ जणांनी वैद्यकीय मदत मागितलीच नव्हती किंवा ती पोचण्याआधी ते गेले. त्यांच्यासाठी इस्पितळातली कोणतीही तपासणी असून नसल्यासारखीच. पण १९ जण अटॅकवर उपचार घेऊन इस्पितळातून घरी गेल्यानंतर २८ दिवसांच्या आत मेले. आपण अटॅकच्या ऐन भरात, स्टेरॉइड आणि सालब्युटामॉलने प्रत्येक आकडा हललेला असताना, नळ्या भरभरून रक्त घेतो. आणि रुग्ण घरी गेला की कोणी त्याच्याकडे पाहत नाही. इओसिनोफिलची तपासणी स्टेरॉइडच्या गोळ्या संपून काही आठवडे झाल्यावर करावी, आपल्याकडे सोबत जंत आणि फायलेरियाची शंका फेडून घ्यावी, आणि तिच्यावरून पुढच्या वर्षाचा उपचार ठरवावा. त्यासाठी घरी जातानाच रुग्णाच्या हाती पंप, पीक फ्लो मीटर आणि पुन्हा दाखवायला येण्याची तारीख हवी.